एसी कुठे लावायचा? आधी खिडकीबाहेर बघा

(या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाची भाषा बऱ्यापैकी तशीच ठेवली आहे.)

एप्रिल-मे आला की घरोघरी एक चर्चा सुरू होते. दीड टन की एक टन? तीन स्टार की पाच? कुठल्या ॲपवर ऑफर चांगली? आठवडाभर आपण रिव्ह्यू वाचतो, मित्रांना फोन करतो, ईएमआयचा हिशोब मांडतो. मग एके दिवशी इन्स्टॉलेशनवाले दादा ड्रिल मशीन घेऊन दारात उभे राहतात आणि विचारतात, "कुठं लावायचा?" आपण बेडच्या वरची भिंत दाखवतो. "तिथं बरा दिसेल."

एसी निवडायला आठ दिवस घेतले आणि जागा निवडायला आठ सेकंद. आणि गंमत म्हणजे मॉडेल चुकलं तर फार तर बिल थोडं वाढतं, जागा चुकली तर पुढची आठ-दहा वर्षं बिल, गळती, शेजाऱ्याशी भांडण आणि दर सर्व्हिसला कुणाच्या तरी जिवाला घोर, असं सगळं पॅकेज मिळतं.

आजच्या भागात मला एकच गोष्ट सांगायची आहे. स्प्लिट एसीची जागा ठरवताना आधी आऊटडोअर युनिटची जागा ठरवा. आतली भिंत नंतर. आपण बहुतेक जण उलटं करतो, आधी कळस मग पाया. आतला पांढरा डबा छान दिसेल अशी जागा शोधतो आणि बाहेरचा डबा जिथे जमेल तिथे टांगतो. पण सगळी मेहनत तर बाहेरचा डबाच करत असतो!

एसी नेमकं करतो काय?

एसी घरातली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. आतल्या कॉइलमध्ये गॅस उष्णता शोषून घेतो, तांब्याच्या पाइपातून बाहेर जातो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि बाहेरच्या कॉइलमधून ती उष्णता हवेत सोडली जाते. म्हणजे एसी हा उष्णतेचा हमाल आहे, असं समजा.

आता हा हमाल किती ओझं वाहतो बघा. एसीमधला 'टन' हा वजनाचा टन नाही. पूर्वी थंडाव्यासाठी बर्फ वापरायचे, त्या काळातलं हे माप. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता काढायची क्षमता म्हणजे १ टन. आजच्या हिशोबात साधारण ३.५ किलोवॅट. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला, तर खोलीतून सव्वापाच किलोवॅटच्या आसपास उष्णता काढतो. त्यासाठी तो स्वतः दीडेक किलोवॅट वीज खातो आणि त्या विजेचीही शेवटी उष्णताच होते. दोन्ही मिळून पावणेसात किलोवॅट उष्णता त्या बाहेरच्या डब्यातून निघते. घरातल्या २ किलोवॅटच्या गीझरसारखे तीन गीझर एकाच वेळी चालू असावेत, त्याहून थोडी जास्तच!

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. एसीवर जी क्षमता छापलेली असते, ती बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश तापमान धरून मोजलेली असते. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याची मंडळी आता हसत असतील, कारण तिथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बाहेरची हवा जितकी गरम, तितकं उष्णता तिच्यात ढकलणं अवघड. कॉम्प्रेसर वीज जास्त खातो आणि थंडावा मात्र कमी देतो.

हे झालं हवामानाचं. ते आपल्या हातात नाही. पण आऊटडोअर युनिटभोवतीची हवा किती गरम राहील, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

आऊटडोअरला मोकळा श्वास लागतो

बाहेरचा पंखा मागून हवा ओढतो, कॉइलमधून नेतो आणि पुढून गरम हवा फेकतो. पुढे भिंत असेल तर ती गरम हवा आपटून परत मागे येते. डबा आपलाच उच्छ्वास परत आत घेत बसतो. बाहेर ३८ अंश असले तरी त्या कोपऱ्यात ४५ किंवा त्याहून जास्त होऊ शकतं. म्हणजे तुम्ही पुण्यात राहता, पण तुमचा एसी चंद्रपुरात!

म्हणून कंपनीच्या इन्स्टॉलेशन पत्रकात अंतरं दिलेली असतात. मॉडेलप्रमाणे ती बदलतात. सर्वसाधारणपणे मागे फूटभर जागा, बाजूंना थोडी मोकळीक आणि समोर पाच-सहा फूट तरी काही नको. तुमच्या मॉडेलचं पत्रक इंटरनेटवर मिळतं. खरेदीच्या आधी ते एकदा उघडून बघा.

आता आपल्याकडच्या नेहमीच्या तीन जागा घेऊ.

पहिली, बिल्डिंगचा डक्ट. बिल्डर म्हणतो, एसीसाठीच ठेवलाय. रुंद आणि वरून उघडा असेल तर चालतो. पण अरुंद डक्टमध्ये दहा मजल्यांचे दहा आऊटडोअर एकाखाली एक असले, की खालच्यांची गरम हवा वर चढते आणि वरच्यांच्या वाट्याला ती भट्टी येते.

दुसरी, ड्राय बाल्कनी. ग्रिलची आणि उघडी असेल तर उत्तम जागा, यावर पुढे बोलूच. पण काचेच्या स्लायडिंगने बंद केलेली असेल तर डबा तिथे गुदमरेल. आणखी एक गोष्ट. आज बाजारातल्या बऱ्याच एसींमध्ये आर-३२ नावाचा गॅस असतो. तो सहज पेटत नाही, पण पेटूच शकत नाही असंही नाही. त्यामुळे बंदिस्त ड्राय बाल्कनीत गॅस गीझर किंवा शेगडीला चिकटून आऊटडोअर ठेवू नका.

तिसरी, इंटीरियरवाल्यांची आवडती. आऊटडोअर वाईट दिसतो म्हणून त्याला लाकडी पट्ट्यांच्या पेटीत लपवायचं. दिसायला झकास. पण पट्ट्या जवळजवळ असतील तर हवा अडते. कबुतरांच्या जाळीचंही तसंच. जाळी बाल्कनीला लावा, डब्याला गुंडाळू नका.

आणि ऊन? सावली मिळाली तर चांगलंच. पश्चिमेचं ऊन टाळता आलं तर टाळा. फोनमधला कंपास उघडला की दिशा कळते. पण सावलीसाठी हवा अडवू नका. उन्हातला मोकळा डबा सावलीतल्या कोंडलेल्या डब्यापेक्षा बरा.

तिथे माणूस उभा राहील का?

आता आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. जागा बघताना स्वतःला एक प्रश्न विचारा. इथे सर्व्हिसला आलेला माणूस दोन्ही पाय टेकून उभा राहील का?

एसीची सर्व्हिस वर्षातून एकदा-दोनदा होते. गॅस चेक करणं, कॉइल धुणं, पीसीबी बदलणं, यातलं बरंच काम आऊटडोअरजवळ जाऊनच करावं लागतं. आपल्या शहरांत मात्र पाचव्या-सहाव्या मजल्यावर खिडकीच्या खाली दोन अँगलवर डबा टांगलेला असतो. मग वीस-बावीस वर्षांचा एखादा मुलगा खिडकीतून बाहेर उतरतो. एक पाय छज्जावर, दुसरा ग्रिलवर, एका हातात पाना. पट्टा असला तर नशीब. आपण आतून म्हणतो, "दादा, जरा सांभाळून हां." आपलं सांभाळणं तिथेच संपतं.

आणि धोका फक्त त्यालाच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या करोल बाग भागात इमारतीवरून एसीचं आऊटडोअर युनिट खाली पडलं. खाली रस्त्यावर एक १८ वर्षांचा मुलगा मित्राशी बोलत होता. ते त्याच्या डोक्यात पडलं आणि तो गेला. तीस-पस्तीस किलोचा डबा असतो तो, मंडळी. दिवसभर थरथरतो, पावसात भिजतो, त्याचा अँगल गंजतो, आणि वर्षानुवर्षं कुणी त्याच्याकडे बघत नाही, कारण तो आपल्याला घरातून दिसतच नाही.

यात भिंतीचाही प्रश्न आहे. नव्या बिल्डिंगमध्ये बाहेरच्या भिंती अनेकदा हलक्या ब्लॉकच्या असतात. आपण त्यांना सरसकट सिपोरेक्स म्हणतो. काँक्रीटमध्ये साधा अँकर फास्टनर घट्ट बसतो, तसा या ब्लॉकमध्ये बसत नाही. कालांतराने तो सैल होऊ शकतो. तिथे ब्लॉकसाठीचे वेगळे फास्टनर लागतात किंवा बोल्ट भिंतीच्या आरपार घेऊन आतून प्लेट लावावी लागते. तेव्हा "ही भिंत कशाची आहे?" हे सोसायटीला किंवा बिल्डरला विचारा. आणि शक्यतो डब्याचं वजन अँगलवर न टाकता स्लॅबवर टाका. बाल्कनीची फरशी, टेरेस, रुंद पक्का लेज. जमिनीवर स्टँड ठेवून त्याखाली रबराचे पॅड दिले की आवाजही कमी होतो.

मुंबई, कोकण, गोव्याच्या मंडळींनी हे आणखी मनावर घ्यायला हवं. खारी हवा अँगल आणि कॉइल दोन्ही खाते. समुद्राकडून थेट वारा येणारी बाजू टाळता आली तर टाळा, आणि दर पावसाळ्यानंतर बोल्ट तपासून घ्या.

तुमची गरम हवा कुणाच्या खिडकीत?

पावणेसात किलोवॅट उष्णता आपण बाहेर टाकतो म्हणालो. बाहेर म्हणजे कुठे? समोर चार-पाच फुटांवर शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी असेल, तर ती सगळी त्यांच्या घरात. वर रात्रभर घरघर. आणि पाणी! पावसाळी दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतो. ते खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर टपटपलं, की सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा फ्लॅट नंबर झळकलाच. म्हणून ड्रेन पाइप कुठे सोडणार, हे आधीच ठरवा. बाथरूम, ड्राय बाल्कनीची जाळी किंवा पावसाच्या पाण्याचा पाइप. बाहेरच्या भिंतीला काही लावायचं तर सोसायटीची परवानगीही आधी घ्या. लावल्यावर काढायला सांगितलं तर दुप्पट खर्च.

आता आत या

बाहेरची जागा ठरली की आतलं कोडं निम्मं सुटतं. कारण चारपैकी एक-दोनच भिंती सोयीच्या उरतात. त्यांतली निवडताना या गोष्टी बघा.

पाइप. एसीबरोबर साधारण ३ मीटर पाइप येतो. त्याहून लांब गेलात तर पाइपचे पैसे मीटरवर लागतात, आणि ठरावीक लांबीनंतर गॅसही जास्त भरावा लागतो. लांबी वाढली की कार्यक्षमता थोडी घटते. तरी सांगतो, दोन-तीन मीटर जास्त पाइपने सुरक्षित जागा मिळत असेल तर डोळे झाकून ते पैसे द्या. तो खर्च एकदाच होतो.

उतार. ड्रेनचं पाणी उताराने जातं, त्याला पंप नसतो. इनडोअरपासून बाहेरपर्यंत पाइप सतत खाली उतरत गेला पाहिजे. मध्ये एक जरी चढ आला तरी पाणी तुंबणार आणि भिंतीवरून ओघळणार. इनडोअर गळण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

बीम आणि कॉलम. पाइपसाठी अडीच-तीन इंचांचं होल पाडावं लागतं. ते विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीत पाडा. बीम-कॉलमला हात लावू द्यायचा नाही. "छोटंसं होल आहे, काही होत नाही," असं कुणी म्हणालं तरी नाही. आतली सळई कापली गेली तर ती तुमच्या एकट्याची नाही, अख्ख्या बिल्डिंगची आहे.

छतापासून अंतर. स्प्लिट एसी वरून हवा ओढतो आणि खालून फेकतो. छत आणि एसी यांच्यात साधारण वीतभर तरी जागा हवी. लॉफ्टच्या खाली किंवा पीओपीच्या खोबणीत कोंबला, तर फेकलेली थंड हवाच परत आत ओढली जाते. तापमानाचा सेन्सर तिथेच असतो. त्याला वाटतं खोली गार झाली, आणि एसी हात आखडता घेतो. तुम्ही मात्र घामाघूम.

हवेची दिशा. थंड हवा खोलीच्या लांबीच्या दिशेने जाऊ द्या. समोर कपाट किंवा पडदा नको. आणि झोपताना थेट चेहऱ्यावर झोत येईल अशी जागा नको. थेट टीव्हीवर किंवा स्विचबोर्डवरही नको, कारण कधीतरी पाणी गळणारच.

एक उदाहरण घेऊ

समजा, पुण्यात पाचव्या मजल्यावर वनबीएचके. बेडरूम १० बाय १२ ची, लांबी उत्तर-दक्षिण. पश्चिमेला खिडकी, तिच्याबाहेर सरळ पाच मजले खोल. पूर्वेला दार. दक्षिणेला कपाट आणि लॉफ्ट. उत्तरेच्या भिंतीपलीकडे ग्रिलची ड्राय बाल्कनी. दादा म्हणतात, "खिडकीखाली अँगल मारू, पाऊण तासात काम होईल."

सवय म्हणून आपण हो म्हणू. पण तपासा. माणूस उभा राहील का? नाही, लटकावं लागेल. ऊन? पश्चिमेचं, ऐन दुपारी. भिंत? बहुतेक ब्लॉकची. तीनही उत्तरं विरोधात.

आता ड्राय बाल्कनी. स्टँड फरशीवर, मागे फूटभर जागा, पंख्याचं तोंड ग्रिलकडे. गरम हवा थेट बाहेर, समोर कुणाची खिडकी नाही. सर्व्हिसवाले दादा आरामात उभे. मग इनडोअर आपोआप उत्तरेच्या भिंतीवर येतो. पाइप छोटा, ड्रेन बाल्कनीच्या जाळीत. हवा बारा फुटांच्या लांबीने दक्षिणेकडे. बेडचं डोकं पश्चिमेच्या भिंतीला लावलं आणि झडपा थोड्या वर ठेवल्या की झोत अंगावर येत नाही. वॉशिंग मशीन फूटभर सरकवावी लागेल, एवढीच किंमत.

एक मोह मात्र टाळा. वॉशिंग मशीनच्या पॉइंटवरून एसीला वीज घेऊ नका. एसीला मेन बोर्डापासून स्वतःची वेगळी लाइन, स्वतःचा एमसीबी आणि नीट अर्थिंग हवं. हे इलेक्ट्रिशियनकडून इन्स्टॉलेशनच्या आधी करून घ्या.

भाड्याने राहत असाल तर

आपले बरेच श्रोते भाड्याच्या घरात आहेत. तुमच्यासाठी तीन गोष्टी. होल पाडायच्या आधी घरमालकांची परवानगी मेसेजवर लेखी घ्या, नाहीतर ते होल डिपॉझिटमधून बुजवलं जाईल. दर वर्षी घर बदलत असाल आणि खिडकी मजबूत असेल, तर विंडो एसीचा विचार करा. आवाज जास्त, पण पाइप नाहीत आणि गॅस काढण्या-भरण्याची भानगड नाही. त्यालाही खालून भक्कम आधार हवाच. आणि सुरक्षित जागा नसेलच, तर तसं मालकांना स्पष्ट सांगा. कुलर, पंखा आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा यावर एक उन्हाळा निघतो.

दादा येण्याआधीचा गृहपाठ

पंधरा मिनिटं लागतील. आऊटडोअरसाठी सुचतील त्या सगळ्या जागांचे फोटो काढा. प्रत्येक फोटो बघून विचारा: हवा मोकळी आहे का, माणूस उभा राहील का, वजन स्लॅबवर येतंय का, गरम हवा आणि पाणी कुणाच्या घरात जातंय का. जी जागा पास होईल तिच्या पलीकडची भिंत शोधा. इनडोअरच्या मापाचा वर्तमानपत्र कापून त्या भिंतीवर चिकटवा आणि बेडवर आडवे होऊन बघा. एवढं झालं की मग टन आणि स्टार.

आणि कुठलीच जागा पास होत नसेल, पण दादा म्हणाले, "मी लटकून लावतो, रोजचंच आहे," तर तुम्ही नाही म्हणा. त्यांना दिवसाला चार-पाच कॉल पूर्ण करायचे असतात, ते नाही म्हणणार नाहीत. घर तुमचं आहे, नाही म्हणणं तुम्हालाच सोपं आहे.

घरी आधीच एसी लागलेला असेल, तर आज खिडकीतून वाकू नका, पण खाली उतरून एकदा वर बघा. अँगल गंजलाय का? डबा कललाय का? तसं दिसलं तर या आठवड्यातच माणूस बोलवा. पट्टा आणि दोरी घेऊन येणारा.

आजच्यासाठी एवढंच. गार राहा, पाणी पीत राहा. भेटू पुढच्या भागात.